टाकीवरचा कुरव

माझ्या वडिलांचा मेसेज रोज सकाळी सहा चाळीसच्या सुमाराला येतो. त्या वेळी मी कंपनीच्या बसमध्ये असते, बस कुरुळीच्या गर्दीत अडकलेली असते, आणि शेजारची विजयश्री माझ्या खांद्यावर डोकं टाकून खुशाल घोरत असते. मेसेज ठरलेला. ‘वारा मतलई, हलका. हवा २१ अंश. आकाश साफ. तुतारी पक्षी पंधरा-वीस. डॉल्फिन दोन, लांबवर. कासवाचे माग नाहीत. तब्येत बरी.’ तब्येत नेहमी शेवटी. जसं काही ती समुद्राच्या हिशेबात एक किरकोळ बाब आहे.

आमचं गाव दापोलीच्या खाली, समुद्राला टेकलेलं. थंडी पडायला लागली की आमच्या किनाऱ्यावर कासविणी अंडी घालायला येतात, आणि त्यांचे माग बघायला आबा पहाटे किनारा चालतात. बारा-तेरा वर्षं झाली. वनखात्याच्या लोकांनी त्यांना एक वही आणि एक थर्मामीटर दिला होता. वहीत ते वारा लिहायचे, पाणी लिहायचे, काय काय दिसलं ते लिहायचे, आणि आई गेल्यापासून तेच सगळं मलाही पाठवायला लागले. मी एकुलती एक. लग्न होऊन पुण्याजवळ थेरगावला आले त्याला आठ वर्षं झाली. इथल्या डांगे चौकाच्या धुरळ्यात मला रोज थोडा समुद्र कोणी पुरवला असेल तर तो या माणसाने.

यंदा मात्र दिवाळी झाली आणि त्या मेसेजमध्ये काहीतरी खटकायला लागलं.

मी महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दर तासाला पाच नग उचलायचे, मोजायचे, आकडे तक्त्यात भरायचे. आता खरं सांगते, लोड वाढला की कोणी मोजत बसत नाही. मागच्या तासाचे आकडे बघायचे, एखादा थोडा वर, एखादा थोडा खाली करायचा आणि भरून टाकायचे. त्याला आमच्याकडे रीडिंग बसवणं म्हणतात. मी स्वतः बसवलेली आहेत, म्हणून दुसऱ्याने बसवलेली मला लांबून कळतात. खरे आकडे उनाड असतात. बसवलेले आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहतात. आबांची हवा दहा दिवस एकवीस, बावीस, एकवीस, एकवीस अशी रांगेत उभी होती.

मी स्वतःला झापलं. बाप आहे तो तुझा, व्हेंडर नाही.

मग अष्टमी आली. समाधानची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आई बीडहून आली होती आणि तिचं देवाचं काहीतरी होतं, म्हणून तिथी माझ्या लक्षात राहिली. त्या सकाळी आबांनी लिहिलं, ‘पूर्ण ओहोटी. वाळू लांबपर्यंत उघडी. माग नाहीत.’

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही भरतीचा हिशेब येतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. अष्टमीच्या पहाटे आमच्या किनाऱ्यावर पाणी चढलेलं असतं, वाळू लांबपर्यंत उघडी पडूच शकत नाही. हा हिशेब मला आबांनीच शिकवला, मी दुसरीत असताना, ओल्या वाळूवर बोटाने लिहून.

संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी विचारलं. तर म्हणाले, “नजरचूक झाली असंल गो. म्हातारपण. तू जेवलीस काय?” आणि खोकले. कोरडा, खोल खोकला. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, तर म्हणाले रेंज जातेय, आणि खरंच गेली.

मला वाटलं, विसरायला लागले. आमच्या लाइनवरच्या एकीचे वडील असेच सुरुवातीला तारखा विसरायचे, मग घर विसरले. त्या रात्री मी समाधानला म्हटलं, काही करून आबांना इकडे आणायला हवं. तो म्हणाला, “मी तर कवाचं म्हणतोय. पण ते यायचे न्हाईत. तुला बी माहीतंय का ते.”

मला माहीत होतं. आबा माझ्या घरचं पाणी पीत नाहीत. मुलीला मूल झाल्याशिवाय आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घरची जुनी रीत. आठ वर्षांत ते तीनदा थेरगावला आले. तिन्ही वेळा दारात चप्पल काढून आत बसले, जावयाशी दोन शब्द बोलले, आणि चहा प्यायला डांगे चौकात गेले. मी आत कुकर लावलेला आणि माझा बाप बाहेर वडापाव खातोय. आई गेल्यावर तेराव्याच्या दिवशी मी त्यांचे पाय धरले, चला म्हटलं, एकटे काय करणार इथे? ते म्हणाले, “नातवंड झालं की येतो, चांगला महिनाभर राहतो.” त्यांनी ते सहज म्हटलं. मला मात्र कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं.

पुढच्या मंगळवारी थंडी एकदम उतरली. मोशीपासून पुढे धुकं इतकं दाट की ट्रकचे नुसते दिवे सरकत होते. कुरुळीला बस उभी राहिली. धुकं जरा वर उचललं गेलं आणि रस्त्याकडेच्या कारखान्यांमागे जी निळी पाण्याची टाकी आहे ना उंच, तिच्या कठड्यावर मला एक पांढरा पक्षी दिसला.

मी विजयश्रीला हलवलं. “अगं बघ, कुरव!”

“काय?”

“कुरव. समुद्रावरचा पक्षी आहे. आमच्याकडे थंडीत येतात.”

“बगळा असेल,” ती म्हणाली आणि परत झोपली.

बगळा! बगळ्याची मान कुठे आणि याची कुठे. राखाडी पाठ, लाल चोच, आणि एक पंख नीट मिटलेला नव्हता, डावा, तो लोंबत होता. बहुतेक कुठल्यातरी तारेला आपटला असावा. थव्यातून सुटलेला, एकटा, आणि खाली हजार कंपन्या. बस हलली तरी मी मागे वळून बघत राहिले. बसमध्ये चाळीस बायका होत्या आणि तो पक्षी कोण आहे हे कळणारी मी एकटीच, असं मला वाटलं. कोणाला सांगावं असं वाटलं तर ते आबांनाच. पण नाही सांगितलं, संध्याकाळी बोलू म्हटलं, आणि संध्याकाळी ओव्हरटाइम लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा मेसेज आला. ‘वारा मंद. दाट धुकं. कुरव एक. डावा पंख लोंबता. पाण्यावर नाही, उंचावर बसून. माग नाहीत. तब्येत बरी.’

मी तो चार वेळा वाचला. बस कुरुळीतच होती. मी टाकीकडे बघितलं. पक्षी तिथेच होता, पंख तसाच.

माणसाचं मन कसं असतं बघा. मी आधी स्वतःला समजावलं की जगात लोंबत्या पंखाचे दोन कुरव असू शकतात. मग धुक्याचं काय? आमच्या किनाऱ्यावर कार्तिकात सकाळी असं धुकं मी जन्मात पाहिलेलं नाही. मी लगेच फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

दहाच्या चहाला मी गावी कस्तुराकाकूला फोन केला. आमच्या शेजारची, आईची मैत्रीण.

“काय गो योगे!” ती खूश झाली. “बरी हायस ना? आबांना करमतंय काय तिकडं?”

“कुठे?”

“कुठं म्हणजे काय? तुज्याकडं! पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले ना, जावयाने बोलावलाय म्हणून सांगून. घराची चावी माज्याकडंच हाय. तुळशीला मीच पाणी घालतंय. फोन दे बघू त्यांना, म्हणावं कासवाची पयली अंडी गावली परवा. नवीन पोरं जातात आता किनाऱ्यावर.”

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? “झोपलेत गं काकू. उठले की सांगते.” मी पण खोटं बोलले. बापाचं बिंग त्याच्या गावात फुटू नये म्हणून मुलगी आपोआप खोटं बोलते, विचारही करावा लागत नाही.

तीन आठवडे. गावाला वाटत होतं आबा लेकीकडे आहेत आणि लेकीला वाटत होतं आबा गावी आहेत. एकाहत्तर वर्षांचा माणूस त्या दोन थापांच्या मधल्या फटीत तीन आठवडे कुठेतरी राहत होता, खोकत होता, आणि मला रोज एका समुद्राची खबर देत होता जो त्याच्यासमोर नव्हताच.

सुपरवायझरने हाफ डे देताना तोंड वाकडं केलं. मी समाधानला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “घाबरू नको. टाकी दिसती ना तिथून? मग तिथंच असतील. मी येऊ का?” मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा मला भांडायचं होतं, आणि जावयासमोर बापाशी भांडता येत नाही.

कुरुळीला उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऊन पडलं होतं पण त्याला धार नव्हती. टाकीवर पक्षी नव्हता. टाकीखाली एक चहाची टपरी होती आणि तिथे नऊवारी नेसलेली एक बाई रॉकेलच्या डब्यावर बसून आलं ठेचत होती. मी विचारलं, इथे कोणी कोकणातले म्हातारे आहेत का?

“त्यो मासळीवाला आबा व्हय?” ती म्हणाली. “आवो, दोन दिस झालं, त्या पाखराला सुकं बोंबील टाकीत व्हता. माज्या टपरीम्होरं! म्या बोल्ले, आबा, गिऱ्हाईक पळतंय वासानं. तर म्हनला, तानाबाई, पावनं हाय ते आमच्या गावचं.” तिने आल्याने माखलेला हात झटकला. “तुमी कोन त्यांच्या?”

“मुलगी.”

तिने माझ्या कंपनीच्या गणवेशाकडे बघितलं. “लेक हाय इथं अन् म्हातारा चौघांसंगं पत्र्याच्या खोलीत ऱ्हातोय?”

मी म्हटलं, ते आहेत कुठे?

“त्या फुडल्या गेटला जावा,” ती म्हणाली. “वॉचमन हाय. सा ते सा.”

गेट म्हणजे एक लोखंडी दांडा, त्याला एका बाजूला सिमेंटचं वजन, आणि शेजारी माणूस उभा राहील एवढीच केबिन. केबिनच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत आबा बसले होते. निळा गणवेश, त्यावर कोणातरी दुप्पट माणसाचा स्वेटर, कानटोपी, गळ्यात शिट्टी. आणि मिशा काळ्याभोर. कलप लावला होता. मला आधी हसू आलं. मग रडू आलं. आणि मग असा राग आला की माझे दात वाजायला लागले.

त्यांनी मला बघितलं. उठून उभे राहिले, जसा साहेब आल्यावर वॉचमन उभा राहतो तसे. मग लक्षात येऊन परत बसले.

“योगे,” ते म्हणाले. “आज शिफ्ट नाय काय?”

“भरती किती वाजता आहे आज?” मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. मांडीवर वही होती. गेटची वही, वाहन क्रमांक, आत, बाहेर, सही असे रकाने आखलेली. शेवटच्या पानावर त्यांच्या त्या वळणदार अक्षरात वारा, हवा, पक्षी.

“गावी पाणी सांगतं आज कुठली तिथी ती,” ते हळूच म्हणाले. “हितं कोण सांगणार? चुकलो मी. तू विचारलंस तवाच मना कळलं, ही सोडायची नाय आता.”

“असं का केलंत?”

“काय केलं? काम करतंय. आपल्याकडचाच एक पोरगा हाय एजन्सीत, त्याने लावलं. वय अठ्ठावन्न लिवलंय.” ते मिशीला हात लावून हसायला गेले आणि खोकल्याने त्यांना वाकवलं. मी पाठीवर हात फिरवला. स्वेटरच्या आत नुसती हाडं.

खोकला थांबल्यावर ते बोलले. एकदम नाही, गाड्या येत होत्या, मध्येच उठून दांडा वर करायचा, नंबर लिहायचा, परत यायचं. तेवढ्या वेळात मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. घरात आई नाही. संध्याकाळी चूल पेटवायची ती एका माणसासाठी. यंदा किनाऱ्यासाठी तरुण पोरांची तुकडी आली, त्यांच्याकडे सगळं मोबाइलवर, आबांना त्यांनी मान देऊन घरी बसवलं. दोनदा ते विहिरीपाशी पडले. कोणाला सांगितलं नाही.

“रिकामा बसून तुजी आठवण यायची,” ते म्हणाले. “म्हटलं तुज्या जवळ राहावं.”

“जवळ म्हणजे माझ्या घरी राहायचं, आबा. इथे नाही. इथून माझं घर पंचवीस किलोमीटर आहे.”

“तुजी बस जाते ना हितून. सहा पस्तीस, कधी चाळीस. चौथी खिडकी. ती तुजी मैत्रीण झोपलेली असते. बस दिसली की मी मेसेज करतंय.”

मी रस्त्याकडे बघितलं. खरंच, गेटमधून रस्ता सरळ दिसत होता. तीन आठवडे मी रोज सकाळी माझ्या बापासमोरून जात होते आणि फोनमध्ये मान घालून त्याचा समुद्र वाचत होते.

“मग घरी का नाही आलात?” माझा आवाज चढला. गेटच्या आतून कोणीतरी डोकावलं, मी पर्वा केली नाही. “मला मूल नाही म्हणून? माझ्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही म्हणून? पत्र्याच्या खोलीत चार परक्या माणसांबरोबर झोपायला चालतं, कलप लावून खोटं वय सांगायला चालतं, पण लेकीच्या हातच्या तांब्याभर पाण्याचा विटाळ होतो?”

“विटाळ?” ते एकदम ताठ झाले. इतका वेळ ओशाळलेला माणूस, पण आता चिडला. “कोण म्हणालं विटाळ? अगो, माजी आजी सांगायची, बापाने लेकीच्या घरचं आधीच खाल्लं तर तिची कूस उजवत नाय. तुजी अजून उजवायची हाय. मी चार घास खाईन आणि आयुष्यभर मनाला लागून राहील, माज्यामुळे झालं. तुज्या दारात राहून रोज तुला नाय म्हणायचं, रोज तुजं तोंड बघायचं, त्यापेक्षा हितून बघतंय तेच बरं.”

आठ वर्षं मी समजत होते की माझा बाप मला कमी लेखतो. आणि हा माणूस आठ वर्षं माझ्यासाठी उपास धरून बसला होता.

आणि मग जे मी कोणाला सांगणार नव्हते ते तिथे, त्या गेटवर, माझ्या तोंडून बाहेर पडलं.

“उजवली होती आबा.”

“काय?”

“दोन वर्षांपूर्वी, श्रावणात. समाधानला माहीत आहे आणि आईला माहीत होतं. आई आली होती बघा आठ दिवस, तुम्हाला सांगून आली होती की मला कावीळ झालीय. कावीळ नव्हती.” मी थांबले नाही. “तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं आईच म्हणाली होती. नजर लागते. तीन महिने झाले की तुम्हाला पहिला फोन करायचा असं आमचं ठरलं होतं. आठ दिवस कमी पडले.”

बाहेर एक टेम्पो येऊन उभा राहिला, हॉर्न दिला. आबा उठले नाहीत. ड्रायव्हरने परत हॉर्न दिला, मग खिडकीतून आमच्याकडे बघितलं आणि स्वतःच उतरून दांडा वर केला आणि गाडी आत नेली. वहीत नंबर लिहायचा राहिला.

“आणि तुज्या आयशीने मना सांगितलं नाय,” ते शेवटी म्हणाले.

“तुम्ही खचाल म्हणाली.”

“मी खचेन!” ते म्हणाले. डोळे भरले होते पण पाणी बाहेर पडत नव्हतं. “दर एकादशीला मी देवाला सांगतंय, एकदा तरी दार उघड तिच्याकडं. आणि तो येऊन गेला. येऊन गेला आणि मना ठाऊक नाय.” मग त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, “दवाखान्यात कोण होतं तुज्याजवळ?”

“समाधान होता. आई दुसऱ्या दिवशी पोचली.”

“दुखलं फार?”

या दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सासूने कावीळ समजून अंगारा दिला, विजयश्रीला मी व्हायरल झाला म्हणून सांगितलं होतं आणि चौथ्या दिवशी मी लाइनवर उभी राहून पाच-पाच नग मोजत होते. दुखलं का, असं कोणी विचारलं नाही. मी मान हलवली, आणि मग मला आवरेना. मी त्या केबिनच्या पायरीवर बसले आणि कंपनीच्या गणवेशाच्या ओढणीत तोंड खुपसून रडले. आबांचा हात माझ्या डोक्यावर होता.

मी जरा शांत झाल्यावर त्यांचा हात बाजूला झाला. बघते तर ते माझ्या पिशवीकडे बघत होते. पिशवीच्या कप्प्यात माझी पाण्याची बाटली होती, स्टीलची, सकाळी घरून भरलेली.

“ती दे,” ते म्हणाले.

“काय?”

“पाणी दे बाय.”

मी झाकण काढून दिली. त्यांनी कानटोपी काढली, का ते मी विचारलं नाही. बाटली दोन्ही हातांत धरली. ओठ न लावता, वरून, गावच्यासारखं, ते पाणी प्यायले. थेरगावच्या नळाचं पाणी, त्याला क्लोरिनचा वास येतो, मी रोज नळाला शिव्या घालते. अर्धी बाटली संपली. थोडं मिशीवरून ओघळलं आणि काळा रंग हनुवटीपर्यंत उतरला.

मला आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. मला वाईटच वाटत होतं. जे जगलं नाही त्याच्या पुण्याईवर माझ्या बापाला माझ्या घरचं पाणी मिळावं, ही कसली रीत? मनात आलं, बाटली हिसकावून घ्यावी आणि म्हणावं, मी नुसती तुमची मुलगी आहे, तेवढं पुरत नव्हतं का? पण ते डोळे मिटून पीत होते, आणि मला ते जमलं नाही.

त्यांनी बाटली परत दिली. बाहीने तोंड पुसलं. मग उठले, चुकलेल्या टेम्पोचा नंबर आत जाऊन बघून आले आणि वहीत नीट लिहिला. सही केली. एजन्सीच्या पोराला फोन करून सांगितलं की उद्यापासून दुसरा माणूस बघ. त्याने काहीतरी आरडाओरडा केला असावा, आबांनी फोन कानापासून लांब धरला.

“आज सहापर्यंत ड्यूटी हाय,” ते मला म्हणाले. “अर्धी टाकून यायचं नाय. तू पुढं हो.”

“मी थांबते.”

“नको. तू जा.” ते दांड्याकडे गेले, बाहेर एक मोठा ट्रक येऊन धुरळा उडवत थांबला होता. दोन पावलं जाऊन वळले आणि तिथूनच, ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, “आणि ऐक गो, रात्री मना भात थोडाच लागतो.”